हात दिसले पाहिजेत

आमच्या घरी वेबकॅम आला तो माझ्या ऑफिसमुळे. मी एका विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासते. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची मुभा मिळाली आणि पाठोपाठ हुकूम निघाला, की मीटिंगमध्ये प्रत्येकाचा चेहरा दिसला पाहिजे. माझा घरचा कॉम्प्युटर जुन्यातला, टेबलावर मॉनिटर आणि टेबलाखाली सीपीयू. त्याला कॅमेरा नव्हता. दोन मीटिंगा मी काळ्या चौकटीतून पार पाडल्या. तिसऱ्या मीटिंगला साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही आहात ना तिकडे?"

"आहे सर."

"दिसत नाही," असं म्हणून ते पुढच्या विषयाकडे वळले.

त्या शनिवारी मी लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानदाराने विचारलं, "किसके लिए? गेमिंग? चॅनल है आपका?" मी म्हटलं, "ऑफिसच्या मीटिंगसाठी." त्याने वरच्या फळीकडे नेलेला हात खाली आणला आणि काउंटरखालचा एक खोका काढून दिला.

आम्ही लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, मी आणि बाबा. आई जाऊन नऊ वर्षं झाली. माझं लग्न झालं होतं, ते संपलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. ते गिरणीत साचेखात्यात होते. कापड विणायच्या यंत्राला गिरणीत साचा म्हणत. असे शेकडो साचे एका छपराखाली एकदम चालायचे आणि बाबा त्यांच्यामध्ये बत्तीस वर्षं उभे राहिले. त्यामुळे त्यांचा डावा कान पूर्ण गेला आहे आणि उजव्यात मशीन आहे. फोन कानाला लावला की मशीन शिट्टी मारतं. म्हणून फोनवर बोलताना बाबा मशीन काढून ठेवतात, आणि मग त्यांना फारसं काही ऐकू येत नाही. तरी ते "हां, हां" म्हणत राहतात. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून.

रविवारी सकाळी मी खोका उघडला. कॅमेरा लिंबाएवढा होता आणि त्याला खाली चिमटा होता. चिमटा आमच्या मॉनिटरची कड धरेना. क्षणभर बसायचा आणि मग मान टाकायचा. शेवटी मॉनिटरच्या मागे पोह्यांचा डबा ठेवला, त्याच्यावर चहाचा डबा, आणि त्याच्यावर कॅमेरा. वायर सीपीयूच्या पाठीमागे खुपसली. कॉम्प्युटरने कॅमेरा ओळखल्याचं कळवलं. चित्र मात्र काळंच. मी सेटिंगमध्ये शिरले. परवानग्या तपासल्या. कॉम्प्युटर तीनदा बंद करून चालू केला. वायर काढून दुसऱ्या भोकात घातली. पाऊण तासाने ऑफिसात कॉम्प्युटरचं बघणाऱ्या माणसाला फोन केला, रविवार असल्याबद्दल माफी मागून.

त्याने विचारलं, "मॅडम, पुढे एक छोटं झाकण असतं. ते सरकवलंय का?"

मी सरकवलं. पडद्यावर आमच्या खोलीचं छत आलं.

पुढचा आठवडा मी दिसले. माझ्यामागे मोरी दिसली, दोरीवरचे टॉवेल दिसले, आणि बुधवारी अकराच्या सुमाराला बनियनवर दाढी करणारे बाबा दिसले. साहेबांनी नंतर मला वेगळा फोन करून "बॅकग्राउंडचं काही करता आलं तर बघा" असं सांगितलं. मी हिंदमाताहून साधं निळं पडद्याचं कापड आणलं आणि खोलीत दोरीवर आडवं टाकलं. आता बाबांना मोरीत जायचं तर पडद्याखालून वाकून जावं लागे. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त जाताना प्रत्येक वेळी मोठ्याने "जातंय हां" असं सांगायला लागले. ते मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू येई.

एका दुपारी मीटिंग संपली आणि मी कॅमेरा चालूच ठेवून चहा टाकायला गेले. परत आले तर बाबा माझ्या खुर्चीवर बसले होते. पडद्यावर त्यांचं स्वतःचं चित्र होतं आणि ते त्याच्याकडे रोखून बघत होते. मग त्यांनी उजवी मूठ डाव्या तळहातावर आपटली. दोन बोटं खांद्याला टेकवली. ओठ मोठे मोठे करून काहीतरी म्हणाले, आवाज अजिबात न काढता. मला वाटलं, झटका आला.

"बाबा! काय होतंय?"

त्यांनी मागे न वळता पडद्यातल्या माझ्याकडे बघितलं. "काय नाय. खात्यातला बोलणा."

मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं. पन्नास वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. साचे चालू असताना कानाला तोंड लावून ओरडलं तरी शब्द पोचत नसे. म्हणून खात्यातली माणसं ओठांवरून वाचायची आणि हातांनी बोलायची. मूठ तळहातावर म्हणजे साचा बंद पडला. खांद्यावर दोन बोटं म्हणजे जॉबर येतोय. त्यांच्या जॉबरच्या, म्हणजे साच्यांवरच्या मुकादमाच्या, खांद्यावर कायम पंचा असे. तो जाऊन दुसरा जॉबर आला, त्याच्या खांद्यावर काही नव्हतं, पण खूण तीच राहिली. चहाला खूण होती, घरच्या आजारपणाला होती, कोणाला मुलगी बघायला जायचंय त्याला होती. बाबा आणि त्यांच्या समोरच्या साच्यांवरचा माणूस आठ-आठ तास गप्पा मारत आणि कापडही उतरत असे.

"मग हे आता कोणाला येतं?"

बाबांनी बोटं मोजायला सुरुवात केली आणि मोजता मोजता एकेक बोट परत मिटलं. "गेले सगळे." मग एक बोट पुन्हा उघडून म्हणाले, "एक आसा. पण तेचा नाव काढू नको."

तो एक म्हणजे कोण ते मला ठाऊक होतं. तोच समोरच्या साच्यांवरचा. मी त्यांना काका म्हणते. साताऱ्याकडचे, भायखळ्याच्या चाळीत राहायचे. चोवीस वर्षं बाबा आणि ते समोरासमोर उभे होते. गिरणी बंद झाल्यावरही रविवारी एकमेकांकडे यायचे. पुढे काका मुलाकडे नाशिकला गेले आणि दोघांचं फोनवर सुरू झालं. तिथून बिघडलं. चार वर्षांपूर्वी काकांच्या नातीचं लग्न ठरलं. पत्रिका आली. बाबांनी बॅगही काढून ठेवली होती. लग्नाच्या आठ दिवस आधी काकांचा फोन आला, बाबा बोलले, फोन ठेवला आणि बॅग परत माळ्यावर टाकायला सांगितली.

"तेणा माका सांगल्यान, येव नको."

मी म्हटलं, असं कोण सांगेल? पत्रिका आलीय ना.

"पत्रिका छापील आसता. सगळ्यांका जाता. फोनवर तो सोता बोललो."

लग्नानंतर काकांच्या सुनेचा फोन आला, बाबा का आले नाहीत म्हणून. बाबांनी मला समोरून हातानेच बजावलं आणि मी सांगितलं, की त्यांना बरं नव्हतं. त्याच वेळी खरं विचारलं असतं तर चार वर्षं वाचली असती. मी विचारलं नाही. घरात बाबा म्हणतील ते खरं धरायची सवय होती, आणि तोंडावर आलेलं विचारणं मला सहसा जमत नाही. मग काकांचाही फोन आला नाही. बाबांनी त्या माणसाचं नाव घेणं बंद केलं.

त्या दुपारी मी सुनेला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, बरं झालं तुम्हीच केलात. आमच्या बाबांना आता काही ऐकू येत नाही. टीव्हीसमोर बसतात आणि बातम्या देणाऱ्या बाईला हातवारे करतात."

मी म्हटलं, आमच्याकडेही तसंच आहे.

आधी मी आणि सुनेने मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून बघितला, कशासाठी ते कोणालाही न सांगता, नुसती चाचणी म्हणून. मी बाबांच्या हातात फोन दिला. तर एक हात फोन धरण्यात गेला. तोंडाचा अर्धा भाग आणि एक कान एवढंच तिकडे दिसलं. मी धरला तर माझा हात हलायला लागला. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. तेवढ्याशा पडद्यावर त्यांना कोण काय ते ओळखू येईना. सुनेच्या घरी मुलाचा लॅपटॉप होता, तो मोठा होता. आमच्याकडे कॉम्प्युटर आणि लिंबाएवढा कॅमेरा. रविवारी सकाळी अकराला करायचं ठरलं.

बाबांना शनिवारी सांगितलं.

"माका तेच्याशी बोलूचा नाय."

"बोलू नका. नुसते बसा."

त्यांनी विचार केला. रविवारी सकाळी उठून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि साडेनऊलाच खुर्चीत येऊन बसले.

त्या दीड तासात मी जे केलं ते मीटिंगसाठी कधी केलं नव्हतं. मीटिंगला चेहरा दिसला की पुरतं. इथे हात दिसले पाहिजेत. कॅमेऱ्यात बाबा गळ्यापर्यंत मावत होते. मी खुर्ची मागे सरकवली, छातीपर्यंत आले. आणखी मागे सरकवली, तर खुर्ची निळ्या पडद्याला टेकली. पडदा काढला. खुर्ची मोरीच्या कट्ट्याला टेकली. तरी कोपर हलवलं की हात चौकटीबाहेर जात होते. मग टेबलच फिरवलं, कॅमेरा दरवाजाच्या दिशेने केला आणि बाबांना थेट उंबऱ्यात बसवलं. आता हात मावले, पण पाठीमागे गॅलरीतला उजेड, त्यामुळे बाबांचा नुसता काळा आकार दिसायला लागला. निळं कापड त्यांच्यामागे दरवाजाला टाचलं आणि ट्यूब लावली. तेव्हा बाबा माणसासारखे दिसले. शिवाय पडद्यावरचं चित्र आरशासारखं उलटं होतं. बाबा उजवा हात वर करत आणि चुकल्यासारखा खाली घेत. ती उलटापालट बंद करायची सोय शोधून काढली. शेवटची वीस मिनिटं माइक नीट करण्यात गेली. आवाज खरखरत होता. अकराला दोन मिनिटं असताना तो अगदी स्वच्छ यायला लागला आणि मला फार बरं वाटलं.

अकरा वाजता काका दिसले. सोफ्यावर बसलेले, गळ्याभोवती मफलर, मागे भिंतीवर त्यांच्या बायकोचा हार घातलेला फोटो. त्या गेल्याचं आम्हाला माहीत नव्हतं.

दोघेही काही बोलले नाहीत. हलले नाहीत. मला वाटलं चित्र अडकलं. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. सून होती.

"ताई, तुमच्याकडून आवाज येत नाहीये."

"आमच्याकडून कोणी बोलतच नाहीये."

"आमच्याकडून पण नाही," ती म्हणाली. आम्ही दोघी फोन कानाला लावून उभ्या राहिलो.

बाबा पडद्याकडे बघत पुटपुटले, "म्हातारो झालो रे." मग त्यांनी त्या फोटोकडे बोट केलं. काकांनी उजवा तळहात पुढे धरला आणि हळूच पालथा केला. बाबांनी दोन्ही हात जोडले आणि बराच वेळ तसेच ठेवले. यातलं काही मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

त्यानंतर काका एकदम सुरू झाले. हात इतके भरभर चालले होते की चित्र फुटत होतं. बाबांनी तितक्याच जोरात उत्तर दिलं. खुर्ची करकरली. गॅलरीतून जाणारी शेजारीण पडद्याच्या फटीतून डोकावली आणि मला खुणेनेच "काय झालं?" म्हणून विचारलं. मी तिला खुणेनेच "काही नाही" सांगितलं. बाबांनी तर्जनी स्वतःच्या छातीला लावली, मग फोन कानाला लावल्यासारखं केलं, मग हात झटकून बाहेर हाकलल्यासारखं केलं. भांडण चाललंय एवढं स्पष्ट कळत होतं. सून फोनवर म्हणाली, "आमचे बाबा लाल झालेत. बंद करू का?" मी म्हटलं, "थांब जरा."

काका ओठ मोठे करून काहीतरी सांगत होते, पण नेट मागे पडत होतं. ओठ थांबायचे आणि मग एकदम चार शब्द पुढे जायचे. बाबांनी तीनदा "परत" अशी खूण केली. मग काकांनी ओठांचा नाद सोडला. दोन्ही हातांवर काहीतरी घडी ठेवल्यासारखं केलं, त्याला सुतळी बांधल्यासारखं केलं आणि ते पुढे करून दिल्यासारखं केलं. मग बोट हलवून, नको. मग दोन्ही हात पसरून स्वतःकडे ओढले, ये, ये.

बाबांनी तेच पुन्हा करून दाखवलं. बोचकं, नको. तू, ये. काकांनी मान डोलावली.

बाबांनी उजव्या कानातलं मशीन काढलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. इतकं जवळ, की तिकडे त्याशिवाय दुसरं काही दिसलं नसणार. मग काकांनी मफलर सोडला, कानात बोट घालून आपलं मशीन काढलं आणि तेही कॅमेऱ्यासमोर धरलं. आमच्या पडद्यावर एक मोठं गुलाबी मशीन आलं, सुनेच्या पडद्यावर बाबांचं. बाबांचं ते एक पुटपुटणं सोडलं तर एवढ्या वेळात दोघांपैकी एकाच्याही तोंडून शब्द बाहेर आला नव्हता. माझा माइक उत्तम चालू होता.

बंद केल्यावर मी बाबांना पाणी दिलं. ते म्हणाले, "तो म्हणता, आहेर घेवन येव नको म्हटलेलंय."

"आणि तुम्ही काय ऐकलंत?"

"शेवटचा." त्यांनी पाणी संपवलं. "बायल गेली तेची. दोन वर्षां झाली. माका कळवल्यानय नाय."

मग मशीन परत कानात घालून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

तेव्हापासून दर रविवारी अकराला ते उंबऱ्यात बसतात. मी माइक आणि आवाज दोन्ही बंद करून टाकले. खोलीत एवढी शांतता असते की कुकरची शिट्टी दचकवते. सुरुवातीचे काही रविवार ते खात्यातल्या माणसांची हजेरी घेत होते. एकेकाची खूण होती, लंगडा, तपकीरवाला, टोपी, भजनी, आणि बहुतेकांनंतर तळहात पालथा होई. कोणी जिवंत निघाला तर दोघेही खूश होत, मग तो माणूस त्यांना आवडणारा असो वा नसो. घरी बाबा मालवणी बोलतात, काका साताऱ्याची. हातांना तो प्रश्नच नव्हता. मला आता सहा खुणा येतात. त्यातल्या दोन मी घरी वापरते, चहाची आणि औषधाची, आणि बाबांना त्या माझ्या आवाजापेक्षा लवकर कळतात. एक अंगठ्याची खूण आहे, ती मात्र दोघांनीही मला सांगितली नाही.

माघात आम्ही नाशिकला गेलो. बाबांचाच हट्ट. काका दारात उभे होते. दोघांनी एकमेकांचे दंड धरले आणि बोलायला लागले, तोंडाने, दोघेही एकदम, जेवढं ओरडता येईल तेवढं. काकांची पणती घाबरून रडायला लागली. दहा मिनिटांनी मी बाबांना विचारलं, काय म्हणतायत काका? "काय म्हायत," बाबा म्हणाले. सुनेने त्यांना प्रेमाने एकाच सोफ्यावर शेजारी शेजारी बसवलं, तर त्यांना बोलताच येईना. माना वळवून दुखायला लागल्या. शेवटी काकांनी उठून एक खुर्ची समोर नेऊन ठेवली, भिंतीपाशी, साधारण सहा-सात फुटांवर. बाबा तिच्यावर बसले. मग दोन दिवस ते खोलीच्या दोन टोकांना बसून होते आणि मधून जाणाऱ्या-येणाऱ्याने वाकून जायचं अशी पद्धत पडली.

नात मुद्दाम माहेरी आली होती. बाबांनी पिशवीतून साडी काढून तिच्या हातात ठेवली. काका समोरून जोरजोरात बोट हलवायला लागले. सून बाबांना म्हणाली, "काका, आमचे बाबा नको म्हणतायत."

"माका ऐकाक येत नाय," बाबा म्हणाले.

परतीच्या बसला सोडायला काका रिक्षातून स्टँडवर आले. बाबा खिडकीशी बसले. काच बंद होती आणि ती उघडत नव्हती, पण त्याने काही अडलं नाही. खाली काका, वर बाबा, दोघांचे हात चालू. ड्रायव्हरला वाटलं काका त्यालाच काही सांगतायत. त्याने गाडी थांबवून बाहेर मान काढली आणि "काय राहिलं का?" म्हणून विचारलं. काकांनी त्याला पुढे जायची खूण केली, ती मात्र सगळ्यांना येते तीच होती.

गाडी स्टँडबाहेर पडली तरी बाबा मागे वळून हात हलवत होते. मग नीट बसले.

"शेवटी काय म्हणाले काका?" मी विचारलं.

"पिशवी उभी ठेव म्हणता. सुनेन चटणी दिल्यान ती तेलाची आसा."

मी पायाखालची पिशवी उघडून बघितली. चटणी सांडली होती.